पाणी लावू नको

माझ्या दुकानात गिऱ्हाईक चाकू निवडत नसे. चाकू मी निवडायचा आणि गिऱ्हाइकाने तो घेऊन मुकाट्याने घरी जायचं, अशी तिथली रीत होती. ज्यांना हे पसंत नव्हतं त्यांनी शहाद्याला जावं, रस्ता सरळ होता.

म्हसावदच्या बाजारात माझं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, कड्या, नांगराचे फाळ, विळे, बादल्या, आणि गल्ल्याजवळच्या काचेच्या पेटीत मिटते चाकू. मागच्या बाजूला घर. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली यायची आणि त्या काचेच्या पेटीसमोर उभी राहून दमायची नाहीत. कुणी मुठीवरची नक्षी बघून बोट ठेवू लागला, की माझं डोकं फिरायचं. मूठ काय चाटायची आहे, पातं बघ, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. मग गल्ल्याशेजारी ठेवलेली कैरी उचलायची, कैरीचे दिवस नसतील तर लिंबू, आणि त्यात पातं पार मुठीपर्यंत खुपसायचं. एक विडी ओढून होईपर्यंत तसंच ठेवायचं. बाहेर काढल्यावर पातं निळसर काळं पडलेलं दिसलं की ते खरं पोलाद. पांढरंच राहिलं तर वरून मुलामा आणि आत कच्चं लोखंड, चार महिन्यांत वरची साल निघणार आणि धार तर पहिल्याच महिन्यात जाणार. गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगायचो, काळं पडणार नाही ते लोखंडच नव्हे.

ही परीक्षा मला माझ्या वडिलांनी शिकवली होती आणि ती खरी होती. त्या काळात मुलाम्याच्या चाकूंनी बाजार नासला होता. गावात माझ्या कैरीची थट्टाही चालायची. लग्नासाठी मुलगा बघायचा असला की म्हातारे म्हणायचे, आधी रतिलालच्या कैरीत घालून बघा. मला त्या थट्टेचा राग येत नसे, उलट छाती फुगायची.

चाकूबरोबर एक वाक्य मी फुकट द्यायचो. पाणी लावू नको. खरं पोलाद पाण्याने गंजतं, म्हणून वापरून झालं की फडक्याने पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि मिटून ठेवायचं. तीस वर्षं हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की बाजारातली पोरं माझी नक्कल करताना तेच म्हणायची.

सन चौतीसच्या होळीनंतर सुरतेचा एक एजंट नंदुरबार स्टेशनावर उतरून बैलगाडीने आमच्याकडे आला. त्याच्याकडे नव्या तऱ्हेचे चाकू होते. मूठ साधी, लाकडाची, पण पातं आरशासारखं. मी शिरस्त्याप्रमाणे कैरी घेतली. विडी संपली, दुसरी पेटवली, पातं बाहेर काढलं तर पांढरं ते पांढरंच. मी चाकू त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, मुलामा आहे, उचला. तो हसला. म्हणाला, शेठ, हे आतून-बाहेरून एकच पोलाद आहे, नवं निघालंय, हे गंजत नाही. तुमची कैरी आता म्हातारी झाली.

दुकानात तेव्हा चार माणसं बसलेली होती. तीही हसली. मी एक डझन चाकू ठेवून घेतले, ते केवळ त्याला लवकर घालवण्यासाठी.

तो गेल्यावर, माणसं उठल्यावर, मी एक पातं दगडावर घासलं. मुलामा असता तर खालचं लोखंड दिसायला हवं होतं. खाली पांढरंच होतं. मग जमिनीवर सांडलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उचलायला ठेवलेला लोहचुंबक मी घेतला आणि पात्याजवळ नेला. टक्क करून तो चिकटला. म्हणजे हे लोखंडाच्याच जातीचं होतं, अस्सल होतं, आणि तरी कैरीने काळं पडत नव्हतं. एजंट खरं बोलला होता.

 मग अकरा चाकू कागदात गुंडाळून खिळ्यांच्या खोक्याच्या तळाशी घातले. बारावा काचेच्या पेटीत ठेवला, तो विकायला नव्हे, लोकांना दाखवायला की खोटा माल कसा ओळखावा. एक गोष्ट मात्र खरी होती. त्या पांढऱ्या पात्याला दगडावर धार यायला दुप्पट वेळ लागायचा आणि आली तरी आपल्या काळ्या पोलादाइतकी बारीक यायची नाही. तेवढ्या खऱ्या गोष्टीला मी घट्ट धरून बसलो. बाकीचं कुणाला सांगायची गरज नाही, असं मी स्वतःला समजावलं. दुकानदार स्वतःला काहीही समजावू शकतो.

आता माझ्या मुलीचं सांगतो, कारण चाकूची गोष्ट तिच्यापाशीच जाऊन पोचते. मंगला आमची एकुलती एक. ब्राह्मणपुरीच्या दोधूला दिलेली, शेतीवाडी असलेलं सुखाचं घर. त्याच चैत्रात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. माझी बायको जमनाबाई जुनी लुगडी फाडून मऊ दुपटी शिवत बसायची आणि मी दुकानात बसून उगाच हसायचो.

गावात बाळंतपणं दिवलीबाई करायची. डोंगराच्या पायथ्याला तिचा पाडा होता. आमच्या गावातल्या आणि वरच्या पाड्यांवरच्या किती पोरांना तिने जगात आणलं असेल याचा हिशेब तिलाही नव्हता. नाळ ती विळ्याने कापायची. माझ्या नातवाची नाळ विळ्याने कापली जावी हे काही मला पटेना. चाकूच्या दुकानाच्या मालकाचा नातू तो. मी दिवलीबाईला निरोप धाडून बाजाराच्या दिवशी, मुद्दाम गर्दीच्या वेळेला बोलावलं, आणि सगळ्यांसमोर काचेची पेटी उघडून म्हणालो, तुला चाकू देतो, घे.

तिने पेटीत बराच वेळ पाहिलं आणि नेमका तो पांढरा उचलला. पात्यावरून अंगठा फिरवला.

"हाई चांगलं दखास," ती म्हणाली. "धोईसन ठेवता यी."

धुऊन ठेवता येईल. तिने मागितलं ते एवढंच, आणि का मागितलं तेही सांगितलं. मी हसलो. बाजार भरलेला होता, माणसं बघत होती, आणि मला माझी कैरी म्हातारी झालेली नाही हे दाखवायचं होतं. मी दोन कैऱ्या घेतल्या, एकीत पांढरा चाकू, दुसरीत शिंगाच्या मुठीचा माझा सगळ्यात चांगला. विडी ओढली. दोन्ही पाती बाहेर काढून उंच धरली. बघा, म्हणालो, हे खरं आणि हे खोटं. लोकांनी माना डोलावल्या. शिंगाच्या मुठीचा मी दिवलीबाईच्या हातात ठेवला. तो मी सहा वर्षं कुणाला विकला नव्हता. ठेवताना माझं वाक्यही सांगितलं. पाणी लावू नको, पुसायचं आणि तेल लावायचं. तिने मान हलवली आणि चाकू कमरेला खोचला.

वैशाखात मंगलाला मुलगा झाला. मी गावभर गूळ वाटला. आमच्या घरची रीत अशी की ज्या पात्याने नाळ कापली तेच पातं बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचं, ते पाचवी पुजून होईपर्यंत हलवायचं नाही. लोखंडाच्या धाकाने वाईटसाईट जवळ येत नाही, असं आमच्या बायका मानतात. शिंगाच्या मुठीचा चाकू मंगलाच्या उशाखाली होता. पाचव्या रात्री सटवाईची पूजा झाली, जमनाबाई दिव्याजवळ जागत बसली.

सातव्या दिवशी पोर दूध ओढेना. जबडा बसला होता. बोटाने तोंड उघडायला गेलं तर उघडेना, आणि हात लागला की सगळं अंग ताठ व्हायचं. आठव्या दिवशी दुपारी गेलं. सटवाईने नेलं, असं आयाबाया म्हणाल्या. असं खूप घरांत व्हायचं, त्यामुळे कुणी फार विचारलं नाही. मंगला पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि मग सासरी गेली.

जमनाबाईने मात्र त्या आठ दिवसांतली चूक शोधून काढली. पाचवीच्या रात्री तिचा डोळा लागला होता. जागी झाली तेव्हा दिवा विझलेला होता, किती वेळ ते तिला ठाऊक नाही. तिने लगेच लावला होता, पण विझला होता हे खरं. हे तिने फक्त मला सांगितलं. पुढची दोन वर्षं ती देवापुढे सांजवात लावली की ती जळून संपेपर्यंत तिथून उठायची नाही, पोळ्या करपल्या तरी. मी तिला म्हणायचो, वेडी आहेस का, दिव्याने काय होतं. पण मग कशाने झालं, असं तिने विचारलं की मी उठून दुकानात जायचो. मी तेव्हा खरंच त्याबद्दल काही जाणत नव्हतो. एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

दोन वर्षांनी, पाऊस सरता सरता, मंगलाला पुन्हा दिवस गेले असून सातवा लागल्याचा निरोप ब्राह्मणपुरीहून आला. तिला आणायचा दिवस ठरत होता. त्याच आठवड्यात दिवलीबाई दुकानात आली. बाजाराचा दिवस नव्हता, दुकानात मी एकटाच होतो. तिने कमरेचा चाकू काढून माझ्यापुढे ठेवला. शिंगाची मूठ तशीच होती, पातं मात्र खड्डे पडून तांबूस झालेलं.

माझा पारा चढला. इतक्या चांगल्या पोलादाची ही दशा केलीस, पाण्यात बुडवून ठेवलास की काय, असं मी तिच्यावर ओरडलो. तिने ओरडणं पुरतं होऊ दिलं. मग सांगितलं की सरकारने धुळ्याला दायांना पंधरा दिवस शिकायला बोलावलं होतं, तिथे ती जाऊन आली. तिथल्या डॉक्टरणीने एकेकीला विचारलं, नाळ कशाने कापता, ते कसं ठेवता.

"मी सांगं, शेट म्हने पानी लावू नको. मी नही लावं," दिवलीबाई म्हणाली. "पुसं, तेल लावं. तू सांगं तसंच करं."

डोंगरातली माणसं सगळ्यांना तू म्हणतात, त्यात उर्मटपणा नसतो. तिच्या आवाजात रागही नव्हता. ती फक्त घडलेलं सांगत होती. डॉक्टरणीने तिला सांगितलं की न धुतलेल्या पात्यावर डोळ्यांना न दिसणारं विष राहतं, ते नाळेतून पोराच्या अंगात जातं आणि सात-आठ दिवसांनी जबडा बसतो. पातं दर वेळी पाण्यात खळखळ उकळायचं. तिने घरी येऊन माझा चाकू उकळला, एकदा, दोनदा, दहादा. दर वेळी गंज चढला, दर वेळी तिने घासला, आणि आता त्याने धड काही कापलं जात नव्हतं.

डॉक्टरणीने आणखी एक विचारलं होतं, हा चाकू तुझ्याकडे आल्यापासून किती पोरं अशी गेली. दिवलीबाईने ते मला बोटांवर करून दाखवलं. एकेक बोट मुडपत एकेका पाड्याचं, एकेका घराचं नाव घेत गेली. पाचव्या बोटाला ती थांबली. ते बोट तिने मुडपलं, पण नाव घेतलं नाही, माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही, काचेच्या पेटीकडे बघत राहिली.

मला दुकान टाकून पळून जावंसं वाटलं.  माझ्या डोळ्यांपुढे तो भरलेला बाजार आला, दोन कैऱ्या आल्या, आणि पांढऱ्या पात्यावरून अंगठा फिरवणारी ही बाई आली. धुऊन ठेवता येईल, असं ती म्हणाली होती. तिला पोलाद कळत नव्हतं, पण पातं कशाला लागणार ते कळत होतं. मला पोलाद कळत होतं.

"पांढरं दे," ती म्हणाली.

मी खिळ्यांचं खोकं उलटं केलं. कागदाची गुंडाळी तळाशी होती तशीच होती. एक चाकू काढून दिला. तिने नखाने पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हे उकळून काळं पडत नाही ना, असं विचारलं. नाही पडत, मी म्हणालो. त्या चाकूबद्दल खरं बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

जमनाबाईला मी काहीच सांगितलं नाही. मंगला आली, तिचं पोट वाढत गेलं, ती हसायला घाबरायची आणि तिची आई रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसायची. रोज वाटायचं, आज सांगावं. दिव्याचा काही दोष नव्हता एवढं तरी सांगावं. पण ते सांगितलं की पुढचं आलंच. उद्या सांगू, असं म्हणून मी दिवस ढकलत होतो. गिऱ्हाइकांवर डाफरण्यात माझी जीभ तलवारीसारखी चालायची, घरात मात्र ती टाळूला चिकटून बसली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मंगलाच्या कळा सुरू झाल्या. दिवलीबाई आली. मी दुकान अर्धं उघडं ठेवून बसलो होतो, कान मागे लावून. थोड्या वेळाने मागच्या अंगणातून बायकांचा चढलेला आवाज आला आणि पाठोपाठ जमनाबाईने मला हाक मारली. त्या दिवशी पुरुषाला मागे बोलावत नाहीत, म्हणून मी धावलोच.

अंगणातल्या चुलीवर पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यातला पांढरा चाकू जमनाबाईने चिमट्याने बाहेर काढून पायरीवर टाकला होता. तिच्या हातात शिंगाच्या मुठीचा दुसरा चाकू होता, माझ्याच काचेच्या पेटीतला, काळ्या पोलादाचा. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्याने नाळ कापणार तेच उशाखाली जाणार, आणि पांढरा चाकू लोखंडाचा नाही. तो उशाखाली ठेवून काय उपयोग? मागल्या वेळी एक चूक झाली, आता ती दुसरी होऊ देणार नव्हती. दिवलीबाई म्हणत होती, मी दुसऱ्या कशाने नाळ कापणार नाही, नाहीतर दुसरी दाई बघा. आत मंगला ओरडत होती. दुसरी दाई तीन कोसांवर होती.

मी जमनाबाईला म्हणालो, पांढराच चालेल. 

"तुम्हीनच तं सांगतस," ती म्हणाली. "काळं पडनार नही ते लोखंड नही. तीस वरीस हाईच आयकी ऱ्हायनू मी."

तिच्याजवळ लिंबूही होतं. पांढऱ्या पात्याने ते कापून तिने पातं माझ्यापुढे धरलेलं. माझीच परीक्षा, माझ्याच घरात, मला करून दाखवत होती.  नातवंडाला वाचवायला ती माझ्याच शब्दांचा आधार घेऊन उभी होती, आणि ते शब्द खोटे आहेत हे तिथे फक्त मला माहीत होतं.

नुसतं सांगून तिला पटलं नसतं. शब्दाला शब्द झाले असते आणि वेळ गेला असता. मी दुकानात गेलो आणि लोहचुंबक घेऊन आलो. जमनाबाईला तो काय करतो ते चांगलं ठाऊक होतं, सांडलेल्या चुका तीच त्याने गोळा करायची. मी तो पांढऱ्या पात्याजवळ नेला. टक्क. हात वर उचलला तर चाकू चुंबकाला लटकत वर आला. लोखंड आहे, मी म्हणालो, चांगलं लोखंड आहे. फक्त काळं पडत नाही.

तिने लटकणाऱ्या चाकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जमनाबाई शाळेत गेलेली नव्हती, पण तिला काही समजावून सांगावं लागायचं नाही. चुंबक कुठे असतो, चाकू कधी आले, हे सगळं तिला माहीत होतं.

"कवयपासून माहीत शे तुमले?" तिने विचारलं.

मी म्हणालो, चाकू आले त्या दिवसापासून.

"तवय बी? आपला पोऱ्यानी टाइमले बी?"

मी मान हलवली. पाणी लावू नको, असं दिवलीबाईला कुणी सांगितलं आणि त्याने काय झालं, तेही मी तिथेच, त्या चुलीजवळ उभा राहून सांगून टाकलं. दोन वाक्यांतच झालं. दोन महिने ज्याला जागा सापडत नव्हती त्याला एवढीशीच जागा लागली. "चूक मन्ही शे," मी म्हणालो. "दिवानी नही." दिव्याची नव्हे.

 जमनाबाईने चुंबकाला चिकटलेला चाकू ओढून काढला आणि स्वतःच्या हाताने उकळत्या पाण्यात सोडला. मग दुसरा, शिंगाच्या मुठीचा, माझ्या हातात देऊन आत गेली. दार लावलं.

दुपारी मुलगी झाली. रडण्याचा आवाज मी दुकानात ऐकला आणि उठून उभा राहिलो, पण गूळ आणायला गेलो नाही. पांढरा चाकू उशाखाली गेला. पाचवी झाली. मला जेवण वेळेवर मिळत होतं, कपडे धुतलेले मिळत होते, पण जमनाबाई माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडण येतं, गप्प बसलेल्या माणसापुढे मी हात टेकतो. सांजवात लावून ती आता उठून जायची, आणि तो एकटाच जळत राहिलेला दिवा बघून मला जास्त वाईट वाटायचं.

सातव्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. अंगणात बाजेवर बसलो. दर वेळी पोर रडलं की ऐकायचो, आवाज मोकळा आहे की दातांमागून येतोय. पाजायला घेतल्यावर रडणं थांबायचं तेव्हा श्वास धरून बसायचो. आठवा दिवस उजाडला. दुपार झाली, पहिलं पोर गेलं ती वेळ झाली. आतून मंगलाचा आवाज आला, अगं हळू ओढ ना, पळून जाणारे का दूध, आणि ती हसली. दोन वर्षांनी मी माझ्या मुलीला हसताना ऐकलं. मी गुडघ्यात तोंड घालून रडलो, चारचौघांत रडतात तसा नव्हे, नाक गळेपर्यंत.

जमनाबाई बाहेर आली. पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. 

"मंगलाले सांगू नका," ती म्हणाली. "तिना पोऱ्या तं गया. तिना बाप तिले ऱ्हाऊ द्या."

मी तिच्याकडे पाहिलं. ती अंगणातल्या चुलीकडे बघत होती. माझ्यासाठी ती हे करत नव्हती, हे मला कळलं, आणि तिने ते लपवलंही नाही. मग ती उठली आणि आत गेली.

नाळ कापलेला चाकू मंगलाकडेच राहिला, म्हणून काचेच्या पेटीतला पांढरा मी दिवलीबाईला दिला आणि खोक्यातले उरलेले दहा त्या पेटीत मांडले. गल्ल्याशेजारची कैरी उचलून टाकली. काही दिवस लोक विचारायचे, शेठ, कैरी कुठे गेली? मी म्हणायचो, म्हातारी झाली. लोक हसायचे. आणि कुणी चाकू मागितला की मी आधी विचारतो, काय कापायचं आहे. तंबाखू म्हणाला तर काळा देतो आणि तेलाचं सांगतो. पाणी लावू नको हे वाक्य जिभेवर येतं, अजून येतं. मी ते गिळतो आणि दुसऱ्या शब्दांत सांगतो.

जमनाबाईला जाऊन आता तीन वर्षं झाली. माझी नात अकरा वर्षांची आहे, उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला येते. तिच्या उशाखालचा तो चाकू मंगलाने जपून ठेवला होता, आता नात तोच वापरते. परवा ती अंगणात बसून कैऱ्या चिरत होती आणि मंगला तिला मीठ-तिखट कालवून देत होती. नातीने पातं लुगड्याच्या तुकड्याला पुसून उन्हात धरलं आणि मला दाखवलं.

"आबा, दखा," ती म्हणाली. "इतक्या कैऱ्या कापं, तरी काळं नही पडनं."

मंगला हसली. म्हणाली, तुझ्या आबांनी निवडलेला चाकू आहे, पोलाद ओळखावं तर त्यांनीच.

मी हो म्हणालो, आणि कैरीची फोड घ्यायला हात पुढे केला.